खर्जाचे प्रश्न: बेस गिटार, ॲम्प्लिफायर आणि तिसरी पिन

बेसबद्दलचे प्रश्न आले की त्यातले बहुतेक "कोणता घेऊ?" असेच असतात. वाचत गेलं की कळतं, अडचण विकत घेण्याची नाहीच. कुणाच्या गळ्याचा बाक तपासलेला नसतो, कुणाच्या ॲम्पची पिन कापलेली असते, तर कुणी तारा तीन वर्षांत बदललेल्या नसतात. तरीही जे विचारलंत त्याची उत्तरं देतो.

प्रश्न (सांगली): ऑर्केस्ट्रात वाजवतो, बेस चार तारांचा आहे. पाच तारांचा घ्यावा का? मित्र म्हणतात, पाचवी तार फक्त हेवी मेटल वाजवणाऱ्यांना लागते.

मित्रांना विचारा, तुमचे गायक कोणत्या पट्टीत गातात. चार तारांच्या बेसचा सगळ्यात खालचा सूर ई, म्हणजे पेटीवरची पांढरी तीन. आपल्याकडचे निम्मेअधिक पुरुष गायक काळी एक ते काळी दोन एवढ्या टापूत गातात. गाणं काळी दोनमध्ये असेल तर खालचा षड्ज तुमच्या वाद्यावर नाहीच. मग ए तारेच्या सहाव्या फ्रेटवर (गळ्यावरच्या आडव्या पट्टीवर) चढून एक सप्तक वरचा वाजवावा लागतो आणि गाण्याचा पाया पोकळ लागतो. पाच तारांच्या बेसवर बी तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर काळी एक, तिसऱ्यावर पांढरी दोन, चौथ्यावर काळी दोन. हात एका जागी ठेवून तिन्ही पट्ट्या निघतात. हिंदी-मराठी गाण्यांच्या साथीला पाचवी तार मेटलवाल्यांपेक्षा जास्त कामाची आहे.

आता दुसरी बाजू. मोकळ्या बी तारेची कंपनं सेकंदाला सुमारे 31. स्वस्त वाद्यात ही तार ढिली वाजते आणि तिचा सूर डळमळतो. दुकानात ट्यूनर लावा, बी तार जोरात छेडा आणि काटा बघा. तो वर जाऊन सावकाश खाली घसरत राहिला तर ते वाद्य ठेवून द्या. 35 इंची स्केल (तारेची वाजणारी लांबी) असली की बी तार घट्ट राहायला मदत होते, पण चांगल्या बांधणीचा 34 इंची बेसही चालतो. तार 0.130 इंचाच्या आसपास जाड हवी. शिवाय नट, म्हणजे खुंट्यांपाशी तारा ज्या खाचांच्या पट्टीवर टेकतात ती, रुंद होतो: फेंडर कंपनीच्या चार तारांच्या जॅझ बेसचा साधारण 38 मिलिमीटर, पाच तारांचे बहुतेक 45च्या पुढे. म्हणून बसून नव्हे, पट्टा लावून, उभं राहून पंधरा मिनिटं वाजवून बघा.

खर्च करायच्या आधी एक स्वस्त प्रयोग आहे. आहे त्याच बेसवर पाच तारांच्या संचातल्या जाड चार तारा लावून बी-ई-ए-डी असं ट्यूनिंग करा. वरची ‘जी’ (G) तार जाते, पण साथीत ती किती वेळा लागते तेही कळेल. मात्र नटाच्या खाचा रुंद कराव्या लागतात. ते काम गिटार दुरुस्त करणाऱ्याकडूनच घ्या, कारण खाच खोल गेली की नटच बदलावा लागतो.

प्रश्न (नाशिक): गिटारच्या ॲम्पवर बेस चालेल का?

घरी, हळू आवाजात चालेल. बँडबरोबर नाही, स्पीकरचा कोन (थरथरणारा पडदा) फाटेल.

प्रश्न (ठाणे): दुकानदार म्हणतो ॲक्टिव्ह बेस "प्रोफेशनल" आणि पॅसिव्ह "बिगिनर". खरं का?

1951 साली फेंडरचा प्रिसिजन बेस आला, 1960 साली जॅझ बेस. दोन्ही पॅसिव्ह, म्हणजे आत बॅटरी नसलेले. ध्वनिमुद्रणात आजही याच दोन जातींचे बेस सर्रास वाजतात. 1976 साली आलेल्या म्युझिकमॅन स्टिंगरेने बेसच्या पोटात बॅटरीवर चालणारा प्रीॲम्प (सिग्नल वाढवणारं सर्किट) रुळवला; असा बेस म्हणजे ॲक्टिव्ह. फायदा खरा आहे: लांब केबलमधून वरचे सूर कमी मरतात आणि बास-ट्रेबल वाद्यावरच वाढवता येतं. पण ही सोय आहे, दर्जा नाही. भिकार पिकअपपुढे (तारांची कंपनं टिपणाऱ्या चुंबकापुढे) प्रीॲम्प लावला तर भिकार आवाज मोठा होतो, एवढंच.

ॲक्टिव्ह घेतलात तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. जॅक खुपसलेला असेपर्यंत बॅटरी खर्च होत असते, म्हणून वाजवून झालं की केबल उपटा. आणि आवाज चरचरायला लागला की आधी नऊ व्होल्टची बॅटरी मोजा. ती साडेसातच्या खाली गेली असेल तर बदला, मग दुरुस्तीवाल्याला फोन करा. बॅटरी संपली तरी पॅसिव्हवर चालावं म्हणून वेगळं बटण आहे का, हे विकत घेण्याआधी बघा.

प्रश्न (पुणे): 2000 वॅटचा कॉम्बो (ॲम्प आणि स्पीकर एकाच खोक्यात) निम्म्या किमतीत मिळतोय. घेऊ का?

खोक्यावर "पीएमपीओ" लिहिलंय का बघा. असेल तर तो आकडा विसरा, त्याला मोजमापाचं कुठलंच बंधन नाही. आरएमएस, म्हणजे सतत देता येणारे वॅट, किती आणि किती ओहमवर, एवढंच विचारा. दुकानदाराला सांगता आलं नाही तर दुसरं दुकान.

ड्रमरशिवाय सरावाला 50 वॅट आरएमएस पुरतात. ड्रमरबरोबर 200 ते 300 हाताशी असावेत. वॅट दुप्पट केले की फक्त 3 डेसिबल वाढतात, कानाला जेमतेम जाणवतील एवढे. तेवढाच फरक 94ऐवजी 97 डेसिबल सेन्सिटिव्हिटीचं (तेवढ्याच वॅटला जास्त मोठं वाजणारं) कॅबिनेट, म्हणजे स्पीकरचं खोकं, घेतल्याने पडतो, म्हणून पैसे स्पीकरमध्ये घाला. हेड (नुसता ॲम्प) आणि कॅबिनेट वेगळं घेणार असाल तर ओहम जुळवा: 8 ओहमची दोन कॅबिनेट समांतर जोडली की 4 होतात, 4 ओहमची दोन जोडली की 2. हेडवर "किमान 4 ओहम" लिहिलं असेल तर दुसरी जोडणी ते जाळेल. आणि स्पीकरला स्पीकरचीच केबल लावा. गिटारची केबल दिसायला तशीच असली तरी आतली तार बारीक असते, ती तापते.

प्रश्न (कोल्हापूर): मंडळाच्या स्टेजवर बेसला हमिंग येत होतं. साऊंडवाल्याने ॲम्पच्या प्लगची तिसरी पिन काढली, हमिंग गेलं. पण माईकला ओठ लागले की झिणझिण्या येतात. हमिंग परत न येता झिणझिण्या कशा घालवाव्यात?

पहिलं उत्तर: त्या ॲम्पला पिन बसवेपर्यंत हात लावू नका. आज, आत्ता, या क्षणापासून. "या सीझनपुरतं चालवून घेऊ" हे वाक्य मला ऐकवू नका.

आता कारण. तुमच्या बेसच्या तारा ब्रिजला टेकतात. ब्रिजमधून एक वायर आत जॅकच्या ग्राउंडला जाते, तिथून केबलच्या जाळीतून ॲम्पच्या लोखंडी सांगाड्याला, आणि सांगाड्यातून तिसऱ्या पिनेने जमिनीत. म्हणजे बेसच्या तारांवर हात ठेवलेला माणूस विजेच्या दृष्टीने ॲम्पच्या सांगाड्यालाच चिकटलेला असतो. ॲम्पमध्ये काही बिघडून 230 व्होल्ट सांगाड्यावर आले तर तिसरी पिन ती वीज जमिनीत ओढते आणि फ्यूज उडतो. म्हणूनच आपल्या प्लगमध्ये ती पिन सर्वांत लांब असते: घालताना आधी जोडली जाते, काढताना शेवटी सुटते. पिन कापली की वीज सांगाड्यावर वाट बघत बसते. माईक मिक्सरमधून जमिनीला जोडलेला असतो. तुम्ही एका हाताने तारा धरल्या आणि ओठ माईकला टेकवले की वाट पूर्ण झाली, आणि ती छातीतून जाते. तीसेक मिलीॲम्पियर हृदयाची लय बिघडवायला पुरे आहेत. घामाने किंवा पावसाने भिजलेलं अंग तेवढी वीज सहज जाऊ देतं. 1972 साली ब्रिटनमध्ये स्वान्सी इथे स्टोन द क्रोज या बँडचा गिटारिस्ट लेस हार्वी स्टेजवरच असा गेला. कारण होतं अर्थिंग नसलेला माईक.

तुम्हाला येतात त्या झिणझिण्या बहुधा ॲम्पच्या वीजपुरवठ्यातल्या फिल्टरमधून गळणाऱ्या अगदी थोड्या प्रवाहाच्या आहेत. "थोडंच लागतं" म्हणून लोक त्या चालवून घेतात. पण त्या सांगतायत की संरक्षणाची तार तुटलेली आहे. पुढचा बिघाड झिणझिण्यांवर थांबणार नाही.

हमिंग कशाने आलं तेही सांगतो, म्हणजे पिन कापायचा मोह जाईल. ॲम्पला एका बोर्डातून अर्थ मिळतो, मिक्सरला दुसऱ्या. दोघांना जोडणारी ऑडिओ केबल मधे आली की एक मोठा वेटोळा तयार होतो आणि त्यात 50 हर्ट्झचा गुणगुणाट शिरतो. उपाय दोन. स्टेजवरचे ॲम्प आणि मिक्सर एकाच डिस्ट्रिब्यूशन बोर्डावर आणा. तेवढ्याने भागलं नाही तर मधे डीआय बॉक्स (बेसचा सिग्नल मिक्सरला देणारा छोटा डबा) लावा आणि त्यावरचं "ग्राउंड लिफ्ट" बटण दाबा. ते बटण फक्त मिक्सरकडे जाणाऱ्या ऑडिओ केबलची जाळी तोडतं, विजेच्या अर्थला हात लावत नाही. साऊंडवाल्याने जे प्लगवर केलं ते या बटणावर करायचं होतं.

हमिंग तारांना हात लावल्यावर थांबत असेल तर ती गोष्ट वेगळी आणि निरुपद्रवी आहे. तुमचं शरीर अँटेनासारखं आजूबाजूचा गुणगुणाट पकडतं आणि तारांना स्पर्श झाला की तो ग्राउंड होतो. त्यासाठी बेसच्या आतल्या वायरिंगच्या पोकळीला तांब्याचं शील्डिंग करून घ्या.

स्टेजवर चढण्याआधी मल्टिमीटर एसी 750 व्होल्टवर ठेवून सॉकेट मोजा. फेज-न्यूट्रल 230च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढेच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत हवेत. फेज-अर्थ 60, 90, 140 असे तरंगते आकडे दाखवत असेल तर अर्थ नाही. एक्स्टेन्शन बोर्डाला तिसरं भोक असतं पण मागे तार नसते, असं सर्रास दिसतं. उलट आकडे बरोबर आले म्हणजे अर्थिंग उत्तम असंही समजू नका. मल्टिमीटरला कमकुवत अर्थ पण चांगलाच वाटतो. खरी तपासणी लायसन्सवाला वायरमन लूप टेस्टरने करतो. शेवटी मीटरचा एक प्रोब बेसच्या तारेला, दुसरा माईकच्या जाळीला. तीन-चार व्होल्टपेक्षा जास्त आलं तर कार्यक्रम उशिरा सुरू होऊ द्या.

मंडळाच्या पदाधिकाऱ्यांसाठी: महावितरणची तात्पुरती जोडणी घ्या, बोर्डावर 30 मिलीॲम्पियरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा खटका) बसवून घ्या आणि त्याचं टेस्ट बटण रोज दाबा. जनरेटर असेल तर त्याची बॉडी आणि न्यूट्रल जमिनीत रॉड ठोकून अर्थ करायला कंत्राटदाराला सांगा. वायरलेसवर बेस वाजवलात तर ॲम्पशी असलेला तुमचा धागा तुटतो, पण गायकाचा माईक तसाच राहतो, म्हणून ते या सगळ्याला पर्याय नाही.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): भाऊ न्यू जर्सीहून बेस ॲम्प आणतोय. इथे थेट लावता येईल?

मागची पाटी वाचल्याशिवाय नाही. "100-240 व्होल्ट, 50/60 हर्ट्झ" असेल तर फक्त वीजेची केबल बदला. 120 आणि 230चा खटका असेल तर खटका हलवा आणि फ्यूजही पाटीवर 230साठी दिलेल्या किमतीचा घाला, 120चा मोठा फ्यूज तसाच ठेवू नका. फक्त "120 व्होल्ट, 60 हर्ट्झ" असेल तर स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लागेल, ॲम्पच्या गरजेच्या दीडपट-दुप्पट क्षमतेचा. जुन्या ॲम्पचा 60 हर्ट्झसाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर आपल्या 50वर जास्त तापतो. बाजारातल्या कित्येक स्टेप-डाऊन डब्यांना बाहेरच्या बाजूला दोनच भोकं असतात, म्हणजे पुन्हा अर्थ गायब. ते घेऊ नका. आणि तिकडची वॉरंटी इथे चालेल असं गृहीत धरू नका. भावाला सांगा, विमानात बसायच्या आधी पाटीचा फोटो पाठव.

प्रश्न (रत्नागिरी): पावसाळ्यात तारा वर उचलल्या जातात, डिसेंबरात फ्रेटवर खरखर. ट्रस रॉड किती फिरवू?

मोजल्याशिवाय अजिबात नाही. ट्रस रॉड म्हणजे गळ्याच्या आतली, त्याचा बाक ठरवणारी सळई. लाकूड ओलावा पितं आणि गळा हलतो. कोणत्या बाजूला आणि किती, हे प्रत्येक वाद्याचं वेगळं.

आधी नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये सूर लावा. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), शेवटच्या फ्रेटवर बोट. आता सातव्या-आठव्या फ्रेटपाशी ई तार आणि फ्रेट यांच्यातली फट बघा. 0.30 ते 0.35 मिलिमीटर हवी. स्पार्क प्लगची फट मोजायचा फीलर गेज गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळतो, तो घ्या. तो मिळेपर्यंत जाड व्हिजिटिंग कार्ड अंदाजाला चालेल. एटीएम कार्ड नको, ते पाऊण मिलिमीटर असतं.

फट जास्त असेल तर रॉड घट्ट करा: हेडस्टॉककडून बघताना घड्याळाच्या दिशेने, एका वेळी पाव फेरा. पुन्हा सूर लावा, एक रात्र थांबा, पुन्हा मोजा. अडलं तर जोर लावू नका. मोडलेला रॉड म्हणजे नवा गळा. फट बरोबर झाल्यावरच ब्रिजवरून तारांची उंची: सतराव्या फ्रेटवर ई तार 2.4, जी तार 2.0 मिलिमीटर. त्यानंतर इंटोनेशन, म्हणजे सगळ्या फ्रेटवर सूर खरा लागणं. बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर तिथल्याच हार्मोनिकपेक्षा (तार न दाबता, नुसत्या स्पर्शाने काढलेल्या सुरापेक्षा) चढा असेल तर सॅडल (ब्रिजवरचा तारेचा टेकू) मागे न्या. हा क्रम उलटा केलात तर तिन्ही कामं पुन्हा करावी लागतात.

खरखर कुठे येते तेही बघा. पहिल्या पाच फ्रेटवर असेल तर गळा फार सरळ झालाय. बाराव्याच्या पुढे असेल तर तारा फार खाली आहेत. फक्त मोकळ्या तारेवर असेल तर नटाची खाच खोल आहे. आणि एकाच फ्रेटवर असेल तर बहुधा त्याच्या पुढचा फ्रेट उचललाय, ते काम कारागिराचं. ऑगस्टमध्ये फिरवलेला रॉड नोव्हेंबरात उलटा फिरवावा लागतो, म्हणून वर्षातून दोनदा सेटअप ही कोकणातली साधी गरज आहे. बेस बंद केसमध्ये ठेवा, आत सिलिका जेलच्या पुड्या.

प्रश्न (सातारा): फिंगरबोर्डला खोबरेल तेल लावावं का? आणि तारा उकळून नव्या होतात का?

खोबरेल केसांना लावा. बोर्डावर ते कालांतराने खवट होतं आणि धूळ धरतं. शिसवी बोर्डाला वर्षातून दोनदा मिनरल ऑइलचे चार थेंब, पाच मिनिटांनी पुसून टाका. लॅकर केलेल्या मेपलला काहीच नको, ओलसर फडकं पुरे.

तारा उकळल्याने वळशांतला मळ निघतो आणि चार दिवस आवाज चमकतो. पण पाणी आतल्या गाभ्यापर्यंत जातं आणि गंज तिथूनच सुरू होतो. काढघालीत खुंटीपाशी तार पुन्हा वाकते आणि तिथेच तुटते. स्पिरिटमध्ये रात्रभर बुडवून पूर्ण वाळवणं त्यातल्या त्यात बरं. नवा संच सर्वांत बरा.

प्रश्न (मडगाव): चर्चच्या कॉयरमध्ये वाजवतो. तारा महिन्यात गंजतात. दरवेळी नवा संच परवडत नाही.

खारी हवा आणि घाम. वाजवून झालं की प्रत्येक तार कोरड्या फडक्याने वरून आणि खालूनही पुसा. निम्मं काम तिथेच होतं. निकेलऐवजी स्टेनलेस स्टीलच्या किंवा कोटेड तारा घ्या. कॉयरला तर मी फ्लॅटवाउंड सुचवेन: सपाट पृष्ठभाग, बोटं घासल्याचा आवाज नाही, आणि गोल वळशांच्या तारांपेक्षा कितीतरी जास्त टिकतात. बऱ्याचशा फ्लॅटवाउंडचा ताण जास्त असतो, म्हणून लावल्यावर गळ्याची फट पुन्हा मोजा.

एक सावधगिरी. तार कापण्याआधी खुंटीच्या पुढे दोन खुंट्यांएवढी लांबी सोडून काटकोनात वाकवा, मग वाकवलेल्या जागेच्या पुढे कापा. सरळ कापली तर वरचा वळसा गाभ्यावरून सुटतो आणि तार नवी असूनही मुकी वाजते. आणि मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमरसन तारा बदलत नसे, हे मला कुणी पुन्हा लिहू नका. त्याच्या तारा फ्लॅटवाउंड होत्या.

प्रश्न (नागपूर): मुलगी अकरा वर्षांची. शॉर्ट स्केल घेऊ?

हो, 30 इंची. तारा शॉर्ट स्केलच्याच घ्या. लांब स्केलची कापून लावली तर जाड भाग खुंटीवर गुंडाळला जातो आणि तार सुटते.

प्रश्न (डोंबिवली): चार महिने डाव्या करंगळीला आणि अनामिकेला मुंग्या येतात. हलका बेस घेऊ का?

आधी डॉक्टरकडे जा. हाडांचे किंवा मज्जासंस्थेचे. चार महिने हा फार उशीर आहे. तोवर वाजवणं बंद. बेसचं वजन, तीन इंची पट्टा, मनगटाचा कोन हे सगळं डॉक्टरांनी कारण सांगितल्यावर बोलू.

प्रश्न (मुंबई): ऑनलाइन जाहिरातीत "1976चा अस्सल" बेस आहे. विकणारा म्हणतो दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, आज टोकन द्या. सीरियल नंबर जुळतो.

सीरियल नंबर कुणीही छापू शकतो. कंट्रोल प्लेट उघडायला सांगा आणि पॉटच्या (आवाजाच्या बटणाखालच्या पोटेन्शिओमीटरच्या) पाठीवरचा आकडा वाचा. अमेरिकी पॉटवर सुरुवातीचे तीन अंक बनवणाऱ्याचे, सीटीएसचे 137. पुढे वर्ष आणि आठवडा: 1377633 म्हणजे 1976चा तेहतिसावा आठवडा. पॉट वाद्यापेक्षा जुना असू शकतो, नवा निघाला तर मात्र एकतर पॉट बदललाय किंवा गोष्ट खोटी आहे. डाग न लागलेलं, चकचकीत सोल्डर दिसलं तर आत कुणीतरी हात घातलाय. मग गळा काढून खाचेतला शिक्का बघायचा. ते मात्र तुम्ही करू नका, जुन्या वाद्यांची जाण असलेल्या कारागिराला सोबत न्या. विकणारा प्लेट उघडू देत नसेल तर ते दुसरं गिऱ्हाईक त्याला लखलाभ. टोकन देऊ नका.